विषय : 'ग्लूलेस' म्हणून विकलेला आणि फोनवर ग्लू लावायला सांगितलेला विग

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आत्ताच तुमच्या ग्राहक सेवेशी फोनवर बोलणं झालं. म्हणजे मी बोलत होते आणि पलीकडून फोन कट झाला. उरलेलं आता लेखी.

विग कसा आहे हे तुम्हाला सांगायला नको, तुम्हीच बनवलाय. पुढे १३×६ इंचांची लेस (केस गुंफलेली पातळ जाळी), २४ इंच लांबी, १८० टक्के घनता, कपाळाकडची लेस आधीच कापलेली, मागे इलॅस्टिक, आत चार कंगवे. आणि वर्णनाच्या पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत : 'ग्लूलेस. घाला आणि निघा.' मी घातला. निघाला मात्र विग.

माझ्या डोक्यावर एकही केस नाही. चाईने सुरुवात झाली, मग सगळेच गेले. हे मी ऑर्डर देताना 'विशेष सूचना' या रकान्यात लिहिलं होतं. ग्लू चालत नाही, हेही तिथेच लिहिलं होतं. कातडीवर केलेल्या पॅच टेस्टमध्ये अ‍ॅक्रिलिक ज्यापासून बनतं त्या अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी निघाली आहे, आणि विगच्या बऱ्याचशा ग्लूमध्ये आणि टेपमध्ये अ‍ॅक्रिलिकच असतं. म्हणजे 'ग्लूलेस' ही माझी हौस नव्हती. तेवढ्या एकाच शब्दासाठी मी हा विग घेतला. तो रकाना तुमच्याकडे कोणी वाचतं का, की केवळ लिहिणाऱ्याचं मन हलकं व्हावं म्हणून ठेवलाय?

विग डोक्यावर टिकतो तो कशाच्या जोरावर, हे तुम्हाला माहीत असणारच. एकतर चिकटवून, नाहीतर केसांत अडकवून, नाहीतर मापात नेमका बसवून आणि कातडीवर घसरणार नाही असं काहीतरी आतून लावून. तुम्ही पहिला मार्ग काढून टाकलात. छान. दुसरा मला लागू नाही, कारण कंगव्यांना धरायला केस लागतात. बिनकेसांच्या डोक्यावर कंगवा धरत नाही, खरवडतो. उरला तिसरा मार्ग. त्यासाठी तुम्ही काय केलंत? काहीही नाही. ग्लूने लावायचाच विग घेतलात, ग्लूची बाटली खोक्यातून काढून घेतलीत आणि नाव बदललंत.

काहीही नाही म्हणणं थोडं अन्यायाचं होईल. आत कडेने एक चकचकीत पट्टी आहे. तुमच्या वेबसाइटच्या पानावरच्या फोटोत तिच्याकडे बाण दाखवून 'सिलिकॉन ग्रिप' असं लिहिलंय. ही सिलिकॉनची नाही, पॉलीयुरेथेनची आहे. सिलिकॉनची पट्टी स्वच्छ, कोरड्या कातडीवर स्वतःच पकड घेते. बोट फिरवलं तर अडखळतं. पॉलीयुरेथेनची गुळगुळीत पट्टी टेप लावता यावा आणि नंतर लेस न फाटता तो काढता यावा म्हणून असते. थोडक्यात, तुमच्या ग्लूलेस विगमध्ये टेप लावायची सोय अगदी चोख आहे. हा फरक मला कळतो आणि तुमच्या कारखान्यात कोणाला कळत नाही, यावर माझा विश्वास नाही.

आता माप. माझ्या डोक्याचा घेर पावणेएकवीस इंच. केस गेल्यावर घेर कमी भरतो, म्हणून नव्याने मोजून लिहिला होता. कपाळापासून मानेपर्यंतचं माप दिलं, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत कपाळावरून आणि टाळूवरून, दोन्ही दिली, दोन्ही कानशिलांमधलं मागून घेतलेलं दिलं, मानेची रुंदीसुद्धा दिली. तुमच्या अर्जात एवढे रकाने आहेत म्हणूनच दिली. आला तो 'सरासरी' माप छापलेला, साडेबावीसचा. मागचे पट्टे शेवटच्या कडीपर्यंत ओढले तरी पाऊण इंचाच्या वर काही आवळत नाही. विगची आतली उरलेली टोपी मानेवर चुणी होऊन बसते आणि मान वळवली की ती चुणी विगला पुढे ढकलते. इलॅस्टिक आणखी आवळा, असं तुमच्या पहिल्या ईमेलमध्ये होतं. आवळलं. कानांवर वळ उठले, डोकं ठणकायला लागलं, आणि विग तरीही वर सरकला, कारण तुमचं इलॅस्टिक शिवलंय फार वर. डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या खाली ते बसायला हवं. उंचवट्यावर बसवलेलं इलॅस्टिक जितकं आवळाल तितकं वर चढणार, यात कसलं रहस्य नाही.

लांबी आणि घनताही माझी निवड नव्हती. मला १४ इंच आणि १३० टक्के हवे होते, पुढे ५×५ ची छोटी लेस हवी होती. लेस छोटी असली की टोपीचा घट्ट भाग कपाळाच्या जवळ येतो आणि चिकटवल्याशिवायही कड दबून राहते, एवढं मी वाचलेलं होतं. तुमच्या वेबसाइटवरच्या चॅटच्या सल्लागार खिडकीने मला समजावलं की १३×६ 'जास्त नैसर्गिक' दिसते आणि हा ग्लूलेस प्रकार याच लांबीत, याच घनतेत आहे. दिसते हो नैसर्गिक, जागेवर असेपर्यंत. २४ इंची दाट केसांचं सगळं ओझं मागे लोंबतं, ते कपाळाकडची लेस वर खेचतं, आणि मधे धरून ठेवणारं काही नाही. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

केसांबद्दलही एक ओळ लिहून ठेवते. 'रेमी' म्हटलंय, म्हणजे सगळ्या केसांवरची बारीक खवलं एकाच दिशेला असायला हवीत. पहिल्या धुण्यानंतर मानेपाशी जो गुंता झाला तो एका दिशेच्या केसांचा होत नाही. वरचा सिलिकॉनचा मुलामा उतरला असावा. गंमत बघा, सिलिकॉन पट्टीत नाही, केसांवर आहे. पण माझी तक्रार त्याबद्दल नाही. गुंतलेला विगही मी घातला असता, डोक्यावर राहिला असता तर.

आता आजचा फोन. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं म्हणतात, 'गुणवत्ता सुधारण्यासाठी'. ते जरूर ऐका. तोवर मी सांगते.

बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक तरुण आवाज आला. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, कारण आधीच्या कुठल्याच फोनची नोंद त्याच्यासमोर नव्हती. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, कंगवे केसांत नीट खोचलेत का?"

मी म्हटलं, मला केस नाहीत.

"ओके मॅडम. म्हणजे पातळ आहेत का?"

पातळ नाहीत. नाहीतच.

"बाजूला, कानांजवळ थोडेतरी असतील ना? तिथे खोचून बघा."

मी तिसऱ्यांदा सांगितलं. यावर तो म्हणाला की तक्रार पुढे पाठवायची तर फॉर्म भरावा लागेल. भरा म्हटलं. पहिला प्रश्न : "तुमच्या मूळ केसांचा पोत कसा आहे? सरळ, लहरी, कुरळे की पातळ?"

मी गप्प बसले. त्याला वाटलं मला ऐकू गेलं नाही, म्हणून त्याने चारही पर्याय पुन्हा वाचले. थोडं सावकाश. मी विचारलं, 'केस नाहीत' असा पर्याय नाही का? तो म्हणाला, नाही मॅडम, आणि हा रकाना भरल्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही. विग विकणाऱ्या कंपनीची सिस्टिम! ज्यांना केस नाहीत अशी माणसं आपल्याकडे येतील हे तुमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नाही? मग तो अगदी मदत केल्याच्या सुरात म्हणाला, "मी 'पातळ' टाकतो." मी नको म्हणेपर्यंत टाकून झालंही होतं.

पुढचा प्रश्न, "डोकं फार हलवता का?" हा फॉर्ममध्ये होता की त्याचा स्वतःचा, ते कळलं नाही. मी म्हटलं, माणसं हलवतात तेवढंच. मग त्याने कोणा वरिष्ठांना विचारलं, मला पुन्हा संगीत ऐकवलं आणि परत येऊन उपाय सांगितला : "मॅडम, पुढच्या बाजूला थोडंसं ग्लू लावा. आमचंच ग्लू आहे, तुम्हाला सवलतीत देऊ."

ग्लू. ग्लूलेस विगला. अ‍ॅलर्जी असलेल्या बाईला. सवलतीत.

मी अ‍ॅलर्जीबद्दल पुन्हा सांगितलं. "हे स्किन-फ्रेंडली आहे मॅडम." त्यात काय काय आहे, अ‍ॅक्रिलेट आहे का, असं विचारलं तर ती माहिती त्याच्याकडे नव्हती. स्किन-फ्रेंडली असल्याची मात्र होती. विग परत घ्या म्हटलं, तेव्हा उत्तर मिळालं की लेस कापलेला विग परत घेता येत नाही. अहो, ती लेस तुम्ही कापलीत! 'आधीच कापलेली लेस' असं तुमच्याच खोक्यावर छापलंय. मी एवढं बोलले आणि फोन कट झाला.

मी त्या मुलावर चिडलेले नाही. निदान या क्षणी तरी तसं लिहायचं ठरवलंय. त्याच्या हातात जो कागद दिलाय तो तो वाचत होता. तो कागद लिहिणाऱ्यावर चिडले आहे. पुढे काय होणार तेही मला दिसतंय : तुमचं लेखी उत्तर येईल, 'आपल्या नोंदीनुसार आपले केस पातळ असल्याने कृपया कंगवे वापरावेत.' आणि तक्रार बंद.

म्हणून आधीच सांगून ठेवते. पूर्ण रक्कम परत हवी आहे, कूपन नको. विग न्यायला माणूस तुम्ही पाठवायचा, त्याचा खर्चही तुमचा. माझ्या नोंदीतलं 'पातळ' काढून टाकायचं. आणि तुमच्या पानावर लिहायचं की ज्यांच्या डोक्यावर केस आहेत त्यांनाच हा विग ग्लूशिवाय बसतो, बाकीच्यांना टेप लागेल. एवढी एक ओळ असती तर मी तो घेतला नसता. खरी सिलिकॉनची पट्टी असलेला, मापाने शिवलेला, कंगवे नसलेला, कानांजवळच्या टोकांत वाकवता येणाऱ्या पातळ पट्ट्या असलेला विग मिळतो. तो बनवता येत नाही असं नाही. तुम्हाला तो बनवायचा नाही, फक्त त्याचं नाव वापरायचंय.

नाहीतर मी ग्राहक न्यायालयात जाईन. मापांचा अर्ज, 'विशेष सूचना', पानाचा फोटो, बाण दाखवलेली पट्टी आणि प्रत्यक्षातली पट्टी, सगळं जपून ठेवलंय. शिवाय चाईवाल्या आम्हा लोकांचा एक गट आहे. कोणता विग घ्यावा हे आम्ही एकमेकींनाच विचारतो, जाहिरातीला नाही. तिथे तुमचं नाव मीच चांगलं म्हणून सांगितलं होतं, तुमच्या आधीच्या, छोट्या लेसच्या विगवरून. तो अजूनही डोक्यावर मखमली पट्टी बांधून त्यावर घातला की दिवसभर हलत नाही. तुम्ही तो बंद केलात. का बंद केलात, हे जमलं तर कळवा. रागापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटतं.

उत्तर लेखी द्या. फोन नको. आणि ग्लूचं नाव पुन्हा काढू नका.

एक ग्राहक

ता. क. : 'पार्सलवर आतल्या वस्तूचा उल्लेख नसेल' असं तुमच्या पानावर आहे. बाहेरच्या खोक्यावर हातभर अक्षरांत 'तुमचे नवे केस आले!' असं छापलेलं होतं. पार्सल शेजाऱ्यांनी घेतलं. परत नेताना तरी साधं खोकं पाठवा.