गड्ड्यावरून काळ्या घोड्याकडे

सोलापूर,
२१ जानेवारी

प्रिय दत्त्या,

सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा अजून उठला नाही. काल रात्री पोरींना घेऊन होम मैदानावर गेलो होतो. मोठ्या पाळण्यात बसायचं माझं वय राहिलं नाही, हे धाकटीनं मला पाळणा पार वर गेल्यावर सांगितलं. मग मौत का कुआंच्या फळ्यांवर उभं राहून खाली बघताना तुझी आठवण आली. नववीत असताना तू पाचाची नोट धरून हात आत लोंबवला होतास, फटफटीवाल्यानं ती वरच्यावर उचलली, आणि पुढं आठवडाभर तू वर्गात ती बोटं दाखवत फिरलास. यंदा सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्यालाही तू नव्हतास. संमती कट्ट्याजवळ नेहमीच्या जागी उभा राहिलो, नंदीध्वज आले, ‘एकदा भक्तलिंग हर्र’चा गजर झाला, आणि शेजारी भलताच कुणीतरी माझ्या पायावर पाय देऊन उभा.

तर परवा डोंबिवलीहून फोनवर तू म्हणालास, ‘इथं मुंबईकडं रविवारी करायचं काय बे? मॉल बघून झाले. ऑफिसातली पोरं आर्ट गॅलरीला जातात, पण आपल्याला त्यातलं काय कळतंय?’ तेव्हा शाळेची घंटा झाली म्हणून मी ‘बघू’ म्हणून फोन ठेवला. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. आज स्थिरचित्राचे पेपर बाजूला ठेवलेत (चाळीस पोरांनी काढलेला एकच तांब्या आणि तेच दोन टोमॅटो) आणि तुला लिहायला बसलोय.

आधी माझी फजिती सांगतो. मुंबईला पहिल्यांदा चित्रं बघायला गेलो तेव्हा मी नऊ जागांची यादी केली होती. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रातोरात जाऊन सकाळी उतरलो. बॅग खांद्यावर. वार कुठला? सोमवार. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं, हे दारावरची पाटी वाचून कळलं. जहांगीर आर्ट गॅलरी उघडायला अकरा वाजायचे होते. मग दुपारपासून संध्याकाळपर्यंत धावत धावत पाच ठिकाणं उरकली. रात्री परतीच्या गाडीत आठवायला लागलो तर एकही चित्र धड डोळ्यापुढं येईना. आठवत होता फक्त फोर्टातल्या एका हॉटेलातला बनमस्का. तेव्हा तू यादी करू नकोस. एका रविवारी एकच जागा. रेल्वेचा मेगाब्लॉक असेल त्या रविवारी तीही नको.

पहिली जागा जहांगीर. सीएसएमटीला उतर आणि फोर्टातून चालत ये, वीसेक मिनिटं लागतात. तिकीट नाही, चिठ्ठी नाही, दारात कुणी ‘कुठून आलात’ विचारत नाही. सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या पैशातून १९५२ साली ही गॅलरी उभी राहिली. तिथं हॉल मिळवायला चित्रकार वर्षानुवर्षं रांगेत थांबतात आणि मिळतो तो आठवडाभरासाठी. म्हणून हॉलच्या कोपऱ्यात खुर्चीवर एक माणूस बसलेला दिसतो, समोर अभिप्रायाची वही. तोच चित्रकार. चार-पाच वर्षांचं काम भिंतीवर लावून तो दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं बघत बसलेला असतो. पुष्कळदा तो सांगलीचा, नगरचा, कोल्हापूरचा निघतो. त्याच्याशी बोल की. ‘हे कसं केलंत?’ एवढंच विचार. ‘याचा अर्थ काय?’ मात्र विचारू नकोस. त्या प्रश्नानं चित्रकाराचं तोंड कसं होतं ते मी पाहिलंय. गॅलरीबाहेर फुटपाथवरही चित्रकार बसतात. तिथंही थांब, हात चांगला असलेला माणूस आतच असतो असं काही नाही.

कळण्याबद्दल मात्र मला जरा भांडायचंय. मागं वडिलांना, आपल्या नायनांना, मी मुंबईला नेलं होतं. मोतीबिंदू काढल्यावर त्यांना समुद्र बघायचा होता. समुद्र बघून झाला आणि पाऊस आला म्हणून आम्ही जहांगीरमध्ये शिरलो. माणूस आयुष्यभर चादरीच्या मागावर उभा राहिलेला, चित्राशी संबंध म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या जेकार्डच्या पुठ्ठ्यांवरची भोकं. एका भल्या मोठ्या लाल चित्रापुढं ते उभे राहिले. मग बाजूला गेले, भिंतीला गाल लावून कॅनव्हासची कड बघितली, आणि मला तेलुगूत विचारलं, ‘पन्ना किती असेल?’ म्हणजे कापडाची रुंदी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या चित्रकार बाई हसत उठून आल्या आणि कॅनव्हास कसा ताणतात, सैल राहिला तर रंग कसा भेगाळतो, हे सांगत बसल्या. नायना म्हणाले, ‘आमचंबी तसंच, ताणा सैल पडला की नक्षी पळती.’ अर्धा तास! मी, ड्रॉइंगचा मास्तर, बाजूला छत्री धरून उभा. आता सांग, त्या दोघांत कुणाला कळत नव्हतं?

तू तर मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या आईच्या मांडीवर वाढलायस. दुकानात चादर उलटी करून मागची बाजू बघितल्याशिवाय घेत नाहीस. तोच डोळा घेऊन जा.

आणखी एक गोष्ट तुझ्या ऑफिसातल्या पोरांना सांगण्यासारखी. मकबूल फिदा हुसेन कुठले? आपल्या पंढरपूरचे! १९१५ चा जन्म. मुंबईत येऊन सिनेमाचे फलक रंगवत पोट भरलं त्यांनी. १९४७ साली सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे या कलाकारांबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आले आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्यांचं ‘ग्राम यात्रा’ हे १९५४ सालचं चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात जवळपास ११८ कोटी रुपयांना गेलं. त्याआधी कित्येक दशकं ते नॉर्वेतल्या ओस्लोच्या एका दवाखान्याकडं होतं. विचार कर, पंढरपूरच्या पोरानं काढलेली आपली खेडी परदेशातल्या दवाखान्याच्या भिंतीवर. याच हुसेननी एकदा जहांगीरमध्ये चित्रं लावलीच नाहीत. पांढऱ्या कापडाचे तागेच्या तागे भिंतींवरून जमिनीपर्यंत सोडले आणि खाली फाडलेली वर्तमानपत्रं पसरली. लोक चिडले, म्हणाले थट्टा आहे. मला वाटतं सोलापुरात ते लावलं असतं तर लोकांनी आधी कापड चिमटीत धरून सूत कितीचं आहे ते बघितलं असतं.

आता ज्याच्यासाठी आत्ता घाईनं लिहितोय ते. काळा घोडा कला महोत्सव. जानेवारी संपता संपता नाहीतर फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस असतो, जहांगीरच्या दारातच. नेमक्या तारखा तेवढ्या बघून घे. १९९९ साली सुरू झाला. तुमच्या डोंबिवलीची पाडव्याची स्वागतयात्राही त्याच सालची बरं का, ती या पाडव्याला चुकवू नकोस, तुझ्या दारावरूनच जाईल. काळ्या घोड्याला रस्ता वाहनांना बंद करतात आणि रस्त्यातच भल्यामोठ्या कलाकृती मांडतात. नाच, गाणं, नाटक, पोरांच्या कार्यशाळा, सगळं फुकट.

खरं सांगू? शनिवार-रविवारी संध्याकाळी तिथं जाऊ नकोस. अक्षतेच्या दिवशी मंदिरात असते तशी गर्दी, फक्त भक्तीच्या जागी सेल्फी. रस्त्यावरच्या निम्म्या कलाकृती तर फोटो काढण्यासाठीच केल्यात की काय असं वाटतं. हस्तकलेच्या दुकानांतले भाव ऐकून तू कानाला हात लावशील. वहिनींना आधीच सांगून ठेव. एक दिवस रजा टाक आणि मधल्या वारी, दुपारी जा. आणि जत्रेत दम लागला की डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या मागच्या बागेत शीर. १८७० ची इमारत आहे. महोत्सवात तिथं लेखक-कवींचे कार्यक्रम होतात, आणि नऊ दिवसांत मला सगळ्यात जास्त आवडते ती हीच जागा. झाडाखाली बसायला मिळतं, बाहेरचा ढोल ऐकू येतो पण अंगावर येत नाही. जवळच ते निळं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, १८८४ चं. बाहेरून का होईना, बघ.

नावाची गंमत माहीत आहे का? तिथं एडवर्ड राजाचा घोड्यावरचा काळा पुतळा होता, अल्बर्ट ससूननं दिलेला. १९६५ मध्ये तो तिथून हलवला आणि भायखळ्याला राणीच्या बागेत नेऊन ठेवला. घोडा गेला तरी नाव राहिलं. पन्नासएक वर्षं लोक घोडा नसलेल्या जागेला काळा घोडा म्हणत होते. अखेर २०१७ साली तिथं नवा घोडा बसवला, यावेळी वर राजा नाही, नुसता घोडा. आपल्याकडं नाही का, जुनी मिल कधीची बंद, भोंगा वाजून जमाना झाला, तरी रिक्षावाल्याला आपण ‘जुनी मिल’च सांगतो. आपल्या भोंग्याचं कुणी परत काही बसवेल असं वाटत नाही.

नंतरच्या एखाद्या रविवारी समोरचं मोठं संग्रहालय, छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालय. तिकीट आहे, पण दिवस घालवण्याजोगं. आत जायच्या आधी बागेत उभा राहून घुमटाकडं बघ. काही ओळखीचं वाटतंय? आठवीची सहल, विजापूर, गोलघुमट! वर चढून तू एका मुलीचं नाव कुजबुजलास आणि ते सात वेळा घुमून खाली मास्तरांपर्यंत गेलं. जॉर्ज विटेट नावाच्या वास्तुविशारदानं हा घुमट आपल्या त्या गोलघुमटावरून घेतला असं म्हणतात. १९०५ मध्ये पायाभरणी झाली. इमारत उभी राहते तोवर महायुद्ध आलं, तेव्हा तिथं जखमी सैनिकांचा दवाखाना झाला आणि लोकांसाठी संग्रहालय उघडायला १९२२ उजाडलं. आत कापडांचं दालन शोध. मी तिथं नायनांना नेऊ शकलो नाही, पाय दुखायला लागले त्यांचे. ती एक चुटपुट राहिलीय.

समोरच ते सोमवारी बंद असणारं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, तेही विटेटच्याच हातच्या इमारतीत. पूर्वी ते १९११ सालचं सार्वजनिक सभागृह होतं, १९९६ पासून तिथं चित्रं आली. आत गोल वळत जाणाऱ्या जिन्यांनी एकेक मजला चढत थेट घुमटाखाली पोचायचं. वर गेल्यावर चित्रांपेक्षा आपण किती चढलो तेच जाणवतं, पण खाली बघ, मजा येते.

भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय मात्र पोरांना घेऊनच कर. १८७२ पासूनचं आहे. बुधवारी बंद असतं. मी एकदा पाटी वाचलीय, दुसऱ्यांदा तू वाचू नकोस. मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत तिथं, वेगवेगळ्या धंद्यांतल्या माणसांच्या. लोहार, विणकर, कोण कोण. पोरं काचेला नाक लावून बसतात. बाहेरच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना तुटला, म्हणून राहिला आपल्याकडं. तुटल्यामुळं वाचलेली एवढी एकच वस्तू मला माहीत आहे.

नाटकाचं तुला मी काय सांगणार? हुतात्मा स्मृती मंदिरात पहिल्या रांगेसाठी भांडणारा तू. फक्त जुहूच्या पृथ्वीला वेळेआधी जा. छोटंसं थिएटर आहे, उशीर झाला की आत घेत नाहीत, मग बाहेर चहा पीत बसावं लागतं. तो चहाही वाईट नसतो म्हणा.

बरं, आता कामाचं. महोत्सवाच्या आठवड्यात मी दोन दिवस रजा टाकतोय. मुख्याध्यापकांना ‘शैक्षणिक भेट’ असं लिहून दिलंय, तू कुणाला बोलू नकोस. बुधवारी रात्री सिद्धेश्वरनं निघेन. वंदे भारत झकास आहे, पण रात्रीची झोप गाडीत काढली की दिवस मोकळा मिळतो. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि हुरडा आणतोय. नायनांनी वहिनींसाठी एक चादर काढून ठेवलीय, मोरपिसाची, जुन्या रंगातली. आता तसा रंग मिळत नाही म्हणतात. गुरुवारी अकराला जहांगीरच्या पायरीवर भेट. तुझ्या ऑफिसातली पोरं यायची असतील तर घेऊन ये, भाकरी पुरेल.

नायना तुला विचारत होते. मुंबईला परत यायचं का म्हटलं, तर म्हणाले, ‘त्या लाल चित्राचं काय झालं बघून ये, गेलं का विकून.’ आता ते मी कुठं शोधू?

तुझाच,
पापय्या

ता. क. राणीची बाग तुझ्या वाटेवर आहे. तो जुना घोडा मी अजून बघितलेला नाही. गुरुवारच्या आत जमलं तर एकदा जाऊन बघ आणि मला सांग, खोगिराखाली कापड कोरलंय का, आणि असलं तर त्याला किनार आहे का. नायनांशी पैज लागलीय.