मिरगाआधी निघायचं आहे

पुणे, १८ मे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही. बाबा ‘बरा आसय’ म्हणून फोन आईच्या हातात देतात आणि आई एवढंच विचारते, जेवलीस काय? म्हणून लिहिते आहे. आईने मोठ्याने वाचायचं आणि बाबांनी मध्ये थांबवायचं नाही.

२ जूनला आम्ही गाडी घेऊन वेंगुर्ल्याला येतो. ३ तारखेला सकाळी तुम्हाला घेऊन पुण्याला निघायचं, मिरग लागायच्या आत. नारळी पौर्णिमा झाली की त्याच आठवड्यात परत आणून सोडते. चतुर्थी आपल्याच घरात होईल, गणपतीवरची माटवी बाबाच बांधतील. विचारायला हवं होतं, कळतं मला. पण विचारलं असतं तर गेल्या वर्षीसारखं ‘बघूया’ झालं असतं, आणि ‘बघूया’चं काय झालं ते आपण तिघांनी बघितलं.

त्या रात्रीचं मी पुन्हा उगाळणार नाही. फक्त एवढंच की बाबा पायरीवरच्या शेवाळावरून पडले तेव्हा वीज जाऊन दुसरा दिवस होता, फोन लागत नव्हता आणि बांबोळीच्या हॉस्पिटलात नेताना वाटेत झाड आडवं पडलेलं होतं. आई, तू मला चौथ्या दिवशी सांगितलंस. का, ते विचारलं नाही. विचारणारही नाही. पण तेव्हापासून टीव्हीवर ‘सिंधुदुर्गात मुसळधार’ दिसलं की माझा घास तोंडातच राहतो.

बाबा म्हणणार, ‘आमचे बापजादे ह्याच पावसात रवले.’ राहिले ना. पण कसे राहिले ते तुम्हीच मला सांगितलंय, बंदरावर नेऊन. मुंबईची बोट उघडिपीतच यायची, पाऊस लागला की बंदर बंद. आजोबा भाऊच्या धक्क्यावरून निघायचे, वेंगुर्ल्याला बोट लांब उभी राहायची, मग पडावातून ट्रंक आणि माणसं किनाऱ्याला. आजी प्रत्येक वेळी ओकायची आणि प्रत्येक वेळी ‘परत येवचंय नाय’ म्हणायची. तेव्हा चार महिने बंदर बंद राहिलं म्हणून वेंगुर्ला संपला, असं कोणी म्हटलं नाही. आपला सगळा किनाराच आठ महिन्यांचा आहे. शिरोड्याची मिठागरं पाऊस येईपर्यंतच, रापणीची मासेमारी तोपर्यंतच, १ जूनपासून यांत्रिक होड्यांना बंदी. काजू बी विकून झालेली असते, आंबा उतरलेला असतो. समुद्र चार महिने विश्रांती घेतो, मग तुम्ही का नाही घ्यायची? (शेती पावसातच होते, हे मला माहीत आहे. पण आपला कुणगा आता दुसऱ्याकडे कसायला आहे, तेव्हा हा मुद्दा काढू नका.)

आणि आपण जाणार तोही रस्ता नवा नाही. आंबोलीचा घाट चढून. बेळगाव-धारवाडकडचा कापूस ह्याच घाटाने उतरून आपल्या बंदरावर यायचा, बेळगावच्या पलटणीचं सामान इथूनच वर जायचं. मग १८८८च्या सुमारास रेल्वे मुरगावला पोचली आणि माल तिकडे वळला. हे सांगताना तुमचा आवाज असा पडायचा, जणू ती रेल्वे काल आली आणि नुकसान आपल्या दुकानाचं झालं! लहानपणी मला वाटायचं, आपलं खरंच एखादं दुकान होतं.

डचांची वखारही तुम्हीच दाखवलीत. मला खांद्यावर घेऊन त्या वेली चढलेल्या भिंतींपाशी उभे राहिलात आणि म्हणालात, गोव्याच्या पोर्तुगीजांवर डोळा ठेवायला हे लोक इथे येऊन बसले. मी विचारलं, मग ते गेले कुठे? तुम्ही म्हणालात, ‘गेले. गाव रवलो.’ नंतर १८१२ साली सावंतवाडीच्या राणीने वेंगुर्ला इंग्रजांना दिला, १८७६ साली नगरपालिका आली, आणि त्याच नगरपालिकेत तुम्ही अठ्ठावीस वर्षं टेबलाशी बसलात. बॅरिस्टर नाथ पै आपल्या गावात जन्मले हे तर माझ्या नवऱ्याला लग्नाआधीच पाठ झालं होतं. बिचाऱ्याने पत्रिकेपेक्षा तेच जास्त वाचलं.

म्हणजे गावाचा विसर पडला म्हणून मी हे करत नाहीये. आताचं गाव मला तुमच्याइतकंच आवडतं. झुलत्या पुलावर फोटो काढणारी गर्दी असू दे. मांडवीच्या खाडीत बायका होडी वल्हवत लोकांना कांदळवन दाखवतात, त्याचा मला अभिमान आहे. आणि कचरा डेपो बघायला पाहुणे येतात असं गाव मी दुसरं ऐकलेलं नाही. बाबा, एक विनंती. आमच्या सोसायटीत ओला-सुका जेमतेम वेगळा होतो. पहिल्याच दिवशी सेक्रेटरीला ‘आमच्या वेंगुर्ल्यात प्लास्टिक डांबरात जाता’ हे सांगायला जाऊ नका. दुसऱ्या आठवड्यात जा.

तुमची खोली पूर्वेची आहे, सकाळी ऊन येतं. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, खाली खरखरीत लाद्या घातल्या. लिफ्ट आहे आणि वीज गेली तरी ती चालते. उकडा तांदूळ आणून ठेवलाय, सकाळी पेज मिळेल. कुळीथ आहे. सोलं आणि तिरफळं मात्र आई, तूच आण, इथली नुसती नावाला असतात. तुझं नारळाचं खोवणं माझ्या मिक्सरला जमत नाही, आडाळी आण. पण ती तू उचलायची नाहीस.

घराचं म्हणाल तर कौलं मी शाकारून घेते आहे, माणसाशी बोलले. पडवीला झाप लागतील. विहिरीवर जाळी. पाठच्या वेंगुर्ला-४ काजूच्या कलमांना बाबा, तुम्ही खत घालायला वाकायचं नाही, गडी घालेल, तुम्ही खुर्चीवर बसून ओरडा. खालची मावशी रोज तिन्हीसांजेला तुळशीकडे दिवा लावेल. आई, तुझा घोर तोच आहे ना? घर काळोखात राहणार नाही.

घर विकायचं कोणाच्या मनात नाही. दादाच्याही नाही. तो बोलला ते चिडून, ते तुम्ही मनात धरू नका.

आता ऐका. गोळ्यांचे सगळे कागद एका पिशवीत, डॉक्टरांची फाईल वर. मीठ कमी, सुके बांगडे आत्तापासून बंद, ‘शेवटचे आसत’ म्हणून संपवायला बसू नका. बाबांनी पायरीवर चपलेशिवाय जायचं नाही. सातेरी देवीकडे गाऱ्हाणं घालायला १ तारखेला जा, दुपारच्या उन्हात नको. गाऱ्हाण्यात माझं नाव घ्या आणि मला सांभाळून घ्यायला सांगा, कारण तुम्ही रागावलेले असणार.

रागवा. गाडीत मागच्या सीटवर बसून कोल्हापूरपर्यंत रागवा. मी ऐकत गाडी चालवते.

तुमची,
बाय

ता. क. – बाबा, आजोबांची ती ट्रंक घेऊ नका, कडी तुटकी आहे, दोन बॅगा मी पाठवते आहे. ट्रंक कॉटखालीच राहू दे. अगदीच घ्यायची असेल तर डिकीत जागा ठेवते.