हानलेच्या दुर्बिणीला जोडीदार हवी

मा. राज्यमंत्री,
अणुऊर्जा विभाग, भारत सरकार

महोदय,

सादर नमस्कार. लडाखमध्ये हानले येथे, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राची ‘मेस’ ही गॅमा किरण टिपणारी दुर्बीण उभी आहे. आरशाचा व्यास २१ मीटर. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तिचे उद्घाटन झाले, तेव्हा ऊर भरून आला होता. आता एकच मागणी आहे: तिच्या शेजारी दुसरी दुर्बीण उभारा.

मेससारख्या दुर्बिणींचे एक काम म्हणजे कृष्णद्रव्याचा, म्हणजे थेट न दिसणाऱ्या, केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याचा शोध. त्याचे कण एकमेकांना भेटून नष्ट होत असतील, तर त्यातून गॅमा किरण, म्हणजे अतिशय ऊर्जावान प्रकाश, निघायला हवेत. असा किरण वातावरणात शिरला की कणांची सर कोसळते आणि काही अब्जांश सेकंद निळसर प्रकाश चमकतो. मेस तो टिपते. अडचण अशी की अवकाशातून येणारे प्रोटॉनही अशीच सर पाडतात, आणि ते गॅमा किरणांहून कितीतरी जास्त येतात. त्या सरीतला एखादा म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) आरशाजवळून गेला तर कॅमेऱ्यात चंद्रकोरीसारखा कंस उमटतो. कंसाचा तुकडाच दिसला, तर तो हुबेहूब गॅमा किरणाच्या ठशासारखा वाटतो. एकटी दुर्बीण इथे फसते. पाऊणशे-शंभर मीटरवर दुसरी असली, तर त्या एकट्या म्यूऑनचा प्रकाश सहसा दोघींना दिसत नाही. दोघींनी पाहिले तेच धरायचे; बरीचशी भेसळ तिथेच गळून पडते. किरण कुठून आला तेही नेमके कळते.

स्पेनच्या ला पाल्मा बेटावर ‘मॅजिक’ या अशाच गॅमा दुर्बिणींच्या जोडीतली पहिली दुर्बीण २००४ची, दुसरी २००९ची. पुढे या जोडीने ‘सेग्वे १’ या बटू (अगदी लहान) दीर्घिकेवर सुमारे १५८ तास नजर रोखली. तिथे तारे मोजके, कृष्णद्रव्य भरपूर. कृष्णद्रव्याची खूण सापडली नाही. पण हे कण किती वेगाहून जास्त वेगाने नष्ट होत नाहीत, याची मर्यादा आखता आली. म्हणून विनंती, शास्त्रज्ञांना दरवर्षी ‘काय सापडले?’ असे विचारू नका. या शोधात ‘इथे नाही’ हे खात्रीने सांगणे हीसुद्धा कमाई आहे, आणि ती खात्री दुसऱ्या डोळ्याशिवाय येत नाही.

मेस हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने इथल्या उद्योगांना सोबत घेऊन बांधली. आराखडे आपले आहेत, आरशाचे ३५६ फलक बसवण्याचा अनुभव आपला आहे. हे हात निवृत्त होऊन पांगले, तर पुढची पिढी पुन्हा पहिल्यापासून शिकेल. त्याआधी दुसऱ्या दुर्बिणीसाठी तरतूद करावी आणि हानलेच्या रात्री काळोख्याच राहतील हे पाहावे.

आपला विश्वासू,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, सातारा