चामड्यावरच्या पहिल्या नक्षीविषयी

कोल्हापूर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. चामड्यावर नक्षीचे ठसे उठवायला हाताचा जोर किती लागतो, असे तू विचारले आहेस. कमरेचा पहिला पट्टा हातावेगळा झाल्यावर माझे उत्तर असे, की जोराचा प्रश्न बराच नंतर येतो. आधी चामड्याला पाणी किती पाजायचे आणि ते किती ओसरू द्यायचे, हे साधावे लागते.

त्याच्याही आधी चामडे योग्य हवे. बाजारातले बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते मऊ असते, टिकतेही, पण ठसा धरून ठेवत नाही. दाबलेली जागा थोड्याच वेळात फुगून वर येते. नक्षीसाठी झाडाच्या सालीने कमावलेले चामडेच लागते, आणि त्याकरिता मला फार हिंडावे लागले नाही, कारण कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांनीच कमावतात. कापलेली कड पाहिली तरी फरक बहुधा कळतो: क्रोमच्या चामड्याची कड आतून निळसर राखाडी, सालीच्या चामड्याची आरपार तपकिरी. मी साधारण साडेतीन मिलिमीटर जाडीची पट्टी घेतली.

ओल्या स्पंजाने ती सगळीकडे सारखी भिजवली, की एकदम काळपट दिसू लागते. त्या क्षणी हात कितीही शिवशिवले तरी मोगरीला हात लावायचा नाही. हळूहळू रंग उजळत मूळ छटेच्या जवळ येतो, पण पट्टी गालाला लावली तर अजून गार लागते. ठोकायची वेळ तीच. तेव्हा उठलेल्या ठशाचा तळ रंग न लावताच गडद तपकिरी होतो, आणि हे पाहण्यात जो आनंद आहे तो मला तरी तयार पट्ट्यापेक्षा मोठा वाटला. घाई केली तर कडा बोथट राहतात, उशीर झाला तर ठसा उथळ उठतो. पाण्याने सैल झालेले तंतू दाबाखाली दबतात आणि वाळताना त्याच स्थितीत घट्ट होतात, एवढेच त्यामागचे शास्त्र. एका टोकाला काम चालू असताना दुसरे वाळू नये म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावे.

खाली संगमरवराची लादी, हातात लाकडी मोगरी. लोखंडी हातोडीने ठसे उठवायच्या हत्यारांची डोकी चेपतात. नक्षी मी चटईच्या विणीची घेतली. पट्टीवर तिरकी रेघ हलकेच आखून तिच्या आधाराने पहिली ओळ ठोकायची आणि पुढच्या प्रत्येक ठशाचे टोक आधीच्या ठशाच्या टोकावर बरोबर बसवायचे. इथे केसभर कोन चुकला, की ओळ संपेपर्यंत तो बोटभर होतो. अमेरिकेत वायोमिंगमधल्या शेरिडन गावच्या खोगिरांवर असते तशी वेलबुट्टी मात्र नवशिक्याने मनातच ठेवावी. तिच्यासाठी आधी फिरत्या पात्याच्या चाकूने रेषा कापाव्या लागतात, आणि चामड्यात एकदा गेलेला काप पुसता येत नाही.

भिजवायला लोखंडी भांडे घेऊ नकोस. लोखंड आणि सालीतले टॅनिन (चामडे कमावणारा तुरट घटक) ओलाव्यात भेटले, की निळे-काळे डाग पडतात. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा एक क्षार) यांची शाई पूर्वी करत, ती याच क्रियेने.

ठोकताना पट्टी थोडी लांबते, म्हणून टोक कापणे आणि भोके पाडणे हे शेवटचे काम. पुढचा पट्टा तुझ्यासाठी करायचा आहे, तेव्हा माप कळव. विजारीचा नंबर मात्र पाठवू नकोस, तो उपयोगाचा नाही. रोजच्या पट्ट्याचे बक्कल जिथे दुमडून बसवले आहे तिथपासून तू नेहमी वापरतोस त्या भोकापर्यंतची लांबी टेपने मोजून, सोबत बक्कलची रुंदीही लिही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक