मॅथर कॅम्पग्राउंडमधल्या काकांना

काका,

साष्टांग नमस्कार. काकूंनाही माझा आणि आईचा नमस्कार सांगा.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सकाळी आम्ही सूर्योदय पाहून परत आलो तेव्हा तुमची जागा रिकामी होती, मातीत नुसते चाकांचे ठसे. म्हणून हे पत्र असं जाहीर लिहिते आहे. वाचनात आलं तर तुम्ही ओळखालच: ग्रँड कॅनियनचा साउथ रिम (दरीचा दक्षिण काठ), मॅथर कॅम्पग्राउंड, संपत आलेला ऑक्टोबर, आणि भाड्याच्या मोटरहोमच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीच्या, पायरीवर नाकाला पदर लावून बसलेल्या नाशिकच्या आजी. ती माझी आई.

आमच्या गाडीतल्या संडासाच्या भांड्यात पाणी टिकत नव्हतं. भरलं की अर्ध्या तासात भांडं कोरडं, आणि मग वास. घरच्या कमोडला खाली वळणाचा पाइप असतो, त्यात पाणी साचून राहतं, म्हणून वास वर येत नाही. गाडीतल्या साध्या संडासाला ते वळण नसतं. भांड्याच्या तळाशी गोल झडप, तिला टेकलेली रबरी रिंग आणि वर साठलेलं दोन बोटं पाणी, एवढंच काय ते मैल्याच्या टाकीच्या आणि आपल्या मध्ये असतं. हे मला तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. तोवर मी वास घालवायला छतावरचा पंखा लावून ठेवत होते, आणि तो पंखाच टाकीतली हवा वर ओढत होता. तुम्ही आत डोकावलात आणि सगळ्यात आधी तो बंद केलात.

मॅथरला गाडीला नळ जोडायची सोय नाही. टाकीत भरून आणलेलं पाणी पुरवायचं. त्यातलंच तांब्या-तांब्या आम्ही त्या भांड्यात ओतत होतो. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांना फोन केला, तर ते म्हणाले, फ्लॅगस्टाफला घेऊन या. म्हणजे ८० मैल.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली आहेत. कॅम्पचं स्वच्छतागृह तिच्या चालीनं सात-आठ मिनिटांवर, आणि रात्री पारा शून्याला टेकत होता. ती एका शब्दानं बोलली नाही. तिनं दुपारी चारनंतर पाणी पिणंच सोडून दिलं. दुसऱ्या रात्री तिच्या उशाशी सकाळची बाटली तशीच भरलेली दिसली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. लेक आईला कॅनियन दाखवायला घेऊन आली होती, आणि आई तहानलेली झोपत होती.

तिसऱ्या दिवशी मी पोरीवर ओरडले ते मराठीत, आणि पलीकडून तुमचा आवाज आला, “कुठली गं तुम्ही?” तुम्ही इचलकरंजीचे, आयुष्य मागांच्या दुरुस्तीत गेलेलं, आता मुलाकडे टेक्सासला. वास तुम्हाला आलाच असणार, पण तुम्ही तो शब्दही काढला नाहीत. विचारलंत एवढंच, “पाणी खाली जमिनीवर येतंय, का भांड्यातनंच गायब होतंय?”

मला उत्तर देता येईना. तेव्हा तुम्ही संडासाच्या बुडाभोवती कोरडा टिश्यू दाबून फिरवलात. कागद कोरडाच राहिला. “मग पाइप ठीक आहे, बैठक ठीक आहे. रिंग धरत नाहीये.”

आई मागून म्हणाली, “अहो, तुम्ही कशाला त्यात हात घालता?” तिला मनापासून अवघड झालं होतं. तुम्ही म्हणालात, “वहिनी, हातमोजे आहेत की. आणि घाण आपलीच आहे, परक्याची नाही.” त्या वाक्यावर आई गप्प झाली. नंतर ते तिनं माझ्या मावशीला फोनवर दोनदा सांगितलं.

पंप बंद केला. माझ्या मुलीनं पॅडल दाबून धरलं, झडप बाजूला सरकली आणि तुम्ही टॉर्च मारलात. रिंगच्या ओठाखाली कागदाचा लगदा चिकटलेला, आणि सगळीकडे क्षारांचा पांढरा, खरखरीत थर. रबर कुठे चिरलंय का, हे बोट फिरवून पाहिलंत. चिरलेलं नव्हतं. “नवीन नको. नुसतं वाळलंय आणि मळलंय.” जुना दात घासायचा ब्रश, कोमट पाण्यात पांढरं व्हिनेगर. अर्धी रिंग तुम्ही घासलीत आणि हातमोज्यांचा दुसरा जोड माझ्यापुढे धरलात. “उरलेली तू. पुढच्या वेळी मी नसेन.”

त्या अर्ध्या रिंगेसाठी मी तुमचे सगळ्यात जास्त आभार मानते. सगळं तुम्ही करून दिलं असतं तरी मी उपकारच मानले असते. पण रबराच्या ओठाखाली बोट गेलं की क्षारांची खर कशी लागते आणि साफ झाल्यावर तेच कसं गुळगुळीत लागतं, हे आता माझ्या बोटाला माहीत आहे.

मी व्हॅसलीन आणायला उठले, तर तुम्ही थांबवलंत. पेट्रोलियमनं असं रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीसच पाहिजे, तेही पातळ. मग भांड्यात पाणी भरलं, पातळीवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि काकूंच्या हातचा आल्याचा चहा प्यायला बसलो. तासाभरानं पाणी रेघेच्या बोटभर खाली. माझा चेहरा पडला. तुम्ही मात्र जणू तेच अपेक्षित असल्यासारखे उठलात. मागच्या बाजूला, झडप जिथे आत सरकते तिथे, दिसत नाही अशा जागी थोडी खर राहिली होती. पुन्हा ब्रश, पुन्हा ग्रीस, पुन्हा रेघ.

तेवढ्या वेळात तुम्ही माझ्या मुलीला सांगितलंत की इथल्या नळाला येणारं पाणी दरीच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या रोअरिंग स्प्रिंग्ज नावाच्या झऱ्यांचं आहे. १९६० च्या दशकात घातलेली साडेबारा मैलांची पाइपलाइन ते दरीतून आणते, आणि ती वरचेवर फुटते. पोरगी ऐकत राहिली. त्या दिवसापासून ती दात घासताना नळ सोडून ठेवत नाही.

रात्री दहाला पाणी रेघेवर होतं. पहाटे पाचला मी टॉर्च घेऊन पाहिलं, तरी रेघेवरच. बाहेर आले तर आईची बाटली रिकामी होती. त्याच सकाळी आम्ही तिला मॅथर पॉइंटला सूर्योदय दाखवायला नेलं, आणि परत आलो तर तुम्ही निघून गेलेले.

ग्रीसची उरलेली ट्यूब तुम्ही आमच्या पायरीवर ठेवून गेलात, ती माझ्याकडे आहे. आई आता नाशिकला परतली. तुमच्यासाठी तिनं बेसनाचे लाडू करून माझ्यासोबत द्यायचं ठरवलंय. मी डिसेंबरात जाऊन ते घेऊन येणार आहे. पत्ता तेवढा कळवा, काका.

तुमची,
शेजारच्या गाडीतली मुलगी