आखाजीला तोंड तपासणी शिबीर, हातभार लावा

राम राम मंडळी, आखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला लेकीबाळी माहेरी येतात तर त्याच आठवड्यात मराठी शाळेत तोंडाच्या कॅन्सरसाठी तोंड तपासणीचं शिबीर घ्यायचं मंडळाच्या मीटिंगमध्ये ठरलंय, त्यासाठी मदत मागतोय.

आपल्याकडे केळी कटाईला निघालेला माणूस आधी तंबाखू मळतो, म्हाताऱ्या बाया मिसरी लावतात, गालात जखम झाली की सगळे म्हणतात उष्णता आहे, उतरेल. आपल्याच गल्लीतल्या एका नानांनी असे चार महिने काढले, मानेत गाठ आली तेव्हा कुठे मुंबई गाठली.

डेंटिस्ट ताईंनी मीटिंगमध्ये जे समजावलं ते सगळ्यांना कळायला पाहिजे म्हणून लिहितोय. जखम झाली की शरीर टीएनएफ, इंटरल्युकिन-६ अशी प्रथिनं सोडतं, त्याने सूज येते, आणि ती सूज चांगलीच, जंतू मरतात, जखम भरते, मग सूज आपोआप उतरते. पण त्याच जागी रोज तंबाखू-चुना बसला तर ती उतरतच नाही. मग तीच प्रथिनं बिघडलेल्या म्हणजे कॅन्सरच्या पेशींना जगवतात, त्यांना रक्त पुरवायला नव्या नळ्या फुटायला मदत करतात, आजूबाजूची वीण सैल करतात आणि त्या पेशी सुटून मानेच्या गाठींत जाऊन बसतात. सूज आणि कॅन्सरचं नातं रुडॉल्फ व्हिर्शो या जर्मन डॉक्टरने १८६३ सालीच बोलून दाखवलं होतं! आणि हीच प्रथिनं संधिवातात सांधे खातात, पोटाच्या चरबीतून निघून शुगरही बिघडवतात.

काहीजण विचारतायत की सीआरपीची, म्हणजे सूज असली की रक्तात वाढणाऱ्या एका प्रथिनाची, रक्त तपासणी केली तर तोंडाचा कॅन्सर कळेल का. नाही कळणार भाऊ, सीआरपी वाढलं म्हणजे अंगात कुठेतरी सूज आहे एवढंच, कुठे आणि कशाची ते ती सांगत नाही. बॅटरी मारून तोंडात बघावंच लागतं.

ताई फी घेणार नाहीत. खर्च आहे तो हातमोजे, आरसे, ज्यांची जखम संशयास्पद निघेल त्यांची बायोप्सी म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, आणि परळच्या टाटा हॉस्पिटलला जावं लागलं तर पेशंट आणि सोबतच्या माणसाचं भुसावळहून गाडीभाडं. अकरा रुपये दिले तरी चालतील, पावती मिळेल, हिशोब पारावर लावू. पैसे नसतील तर तूरडाळ द्या, तांदूळ द्या, एक दिवस गाडी द्या.

मळ्यात राहणारे मजूर मेसेज वाचत नाहीत आणि त्यांचीच तोंडं आधी बघायला पाहिजेत, तर त्यांना ट्रॅक्टरमधून कोण आणणार ते आजच मंडळात सांगा.