ही आकृती कार्ल्सबर्गची नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या विज्ञान पानावर समुद्रतळावरच्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेखाली शिलारसाचं भरलेलं कोठार दाखवलं आहे. हे चित्र पूर्व प्रशांत महासागरातलं. तिथे समुद्रतळ दोन बाजूंना वर्षाला १५ सेंटीमीटरपर्यंत फाकतो, शिलारस सतत येत राहतो, म्हणून कोठार टिकतं. अरबी समुद्राच्या दक्षिणेकडची कार्ल्सबर्ग रांग फाकते जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर. तिथे शिलारस थांबून थांबून येतो, आणि दोन खेपांच्या मधे समुद्राचं पाणी भेगांतून खोल शिरून खडक गार करत राहतं.

त्यात ‘उष्णता वाढल्याने खडक वितळतो’ हे वाक्य! उष्णता वाढत नाही हो. प्रावरणाचा, म्हणजे कवचाखालच्या थराचा, मुळातच तापलेला खडक वर सरकतो, त्याच्यावरचा दाब उतरतो आणि त्यातला थोडा भाग वितळतो. माझ्या एका विद्यार्थिनीने सराव परीक्षेत ‘दाब कमी झाल्यामुळे’ असंच लिहिलं होतं. तपासनिसांनी लाल रेघ मारून दोन गुण कापले. मी उत्तरपत्रिका घेऊन भेटायला गेलो तर म्हणाले, ‘‘सर, पेपरात बघा, सगळीकडे उष्णताच छापून येते.’’ गुण मिळाले नाहीत ते नाहीतच. बरोबर लिहून चूक ठरल्यावर त्या मुलीचा जो चेहरा झाला होता, तो काल पुन्हा आठवला.

शिलारस अपुरा पडतो तिथे फाकण्याचा ताण भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकतो त्या भेगा, झेलतात आणि खालचा खडक थेट वर ओढून आणतात. नैऋत्य हिंदी महासागरातल्या अटलांटिस बँक या समुद्राखालच्या उंचवट्यावर १,५०८ मीटर खोल भोक पाडलं, तर जवळजवळ सगळा गॅब्रोच लागला, म्हणजे खोलवर सावकाश थिजलेला खडक. आपल्या आकृतीत वर असलेला बेसॉल्टचा थर तिथे नाहीच.

आणखी एक. समुद्रतळाच्या खडकात आलटून पालटून उलट-सुलट चुंबकत्वाच्या पट्ट्या असतात; या चुंबकीय पट्ट्यांचं श्रेय लेखात नुसतं अटलांटिकला दिलं आहे. या पट्ट्यांचा अर्थ लावणाऱ्या व्हाइन आणि मॅथ्यूज या शास्त्रज्ञांच्या १९६३ च्या निबंधाला आधार होता तो ‘ओवेन’ जहाजाने १९६२ मध्ये याच कार्ल्सबर्ग रांगेवर केलेल्या मोजणीचा. आपल्या समुद्राचं नाव मराठी वर्तमानपत्रातच गळावं, याचं फार वाईट वाटतं.

दुरुस्ती आकृतीसकट छापावी, आणि त्याच पानावर. दहावीची मुलं ही कात्रणं वहीत चिकटवतात.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, रत्नागिरी